कारवीचा सरळ बाण

एका जंगलात एक राजा होता आणि राजाला एक डोळा होता. म्हणजे डोळे दोन होते. पण डावा डोळा चारचौघांसारखा समोर बघायचा, त्यामुळे त्याची गोष्ट होत नाही. गोष्ट होते ती उजव्याची.

राजा जातीनं अस्वल. नाव हंबीरराजे. लहानपणी त्यांनी मधाच्या पोळ्यात तोंड घातलं आणि माश्यांनी उजव्या डोळ्याला डंख मारले. सूज उतरली, पण डोळा जागेवर आला नाही. तो तेव्हापासून नाकाकडेच बघत राहिला. अशा डोळ्याला आपल्याकडे एक शब्द आहे. तुम्हाला तो माहीत आहे, तेव्हा शेजारी बसलेल्याकडे बघून हसू नका. त्या जंगलात एका माकडानं तो शब्द एकदा उच्चारला होता. पुढे ते माकड कुठल्याच झाडावर दिसलं नाही.

आता त्या राज्याची एक रीत ऐका. राज्याची हद्द म्हणजे एक ओढा. ओढ्याच्या काठाला आपट्याचं झाड. दसऱ्याला त्या झाडाला नारळ टांगायचा, राजानं बाण मारून तो फोडायचा, मग सगळ्यांनी ओढा ओलांडून सीमोल्लंघन करायचं. नारळ फुटला की वर्षभर ओढा मोकळा. नाही फुटला, तर पुढच्या दसऱ्यापर्यंत इकडच्यानं तिकडे जायचं नाही आणि तिकडच्यानं इकडे यायचं नाही. हे 'नाही फुटला तर' पूर्वजांनी आपलं शोभेला घातलं होतं. नारळ फुटणार नाही असा राजा आपल्या वंशात निपजेल, हे त्या बिचाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

हंबीरराजे गादीवर बसले आणि नऊ दसरे नारळ फुटला नाही. कारण महाराज नेम धरताना चांगला डोळा मिटत आणि दुसरा उघडा ठेवत.

राजाचे बाण करायचं काम निंबाजीकडे होतं. निंबाजी म्हणजे एक खवले मांजर. अंगभर खवले, लांब जीभ, आणि वाळवीवर भारी जीव. खवले मांजर घाबरलं की काय करतं? अंगाची गुंडाळी करतं आणि गप्प पडून राहतं. निंबाजी दरबारात गेला की हटकून घाबरायचा. मग त्याला जे विचारलं जाईल त्याला तो गुंडाळी होऊन उत्तर देई, आणि दरबार ते उत्तर होकार म्हणून धरून चाले. अशा रीतीनं निंबाजीनं आयुष्यात बऱ्याच गोष्टींना होकार दिला होता.

पण लाकूड निवडावं ते निंबाजीनंच. काठी नखानं टकटक वाजवून तो कानाशी धरायचा. मग एक डोळा मिटून तिच्या अंगावरून नजर टाकायचा. मग ती कातळावर सोडायचा. सरळ काठी गडगडत जाते, वाकडी लंगडत जाते. जी गडगडेल ती घरी आणायची, चुलीवरच्या माळ्यात ठेवायची आणि एक पावसाळा धूर खाऊ द्यायची. लंगडणारी टाकून द्यायची. असे त्याचे बाण असत. सरळ बाणाला तुम्ही वाकडं जा म्हणालात तरी तो जाणार नाही.

तरी पहिल्या दसऱ्याला बाण चुकला. दरबार भरला. महाराज तर चुकू शकत नाहीत. मग कोण चुकलं?

प्रधानकी घोरपडीकडे होती. एकदा चिकटली की सुटायचं नाही, हा तिचा गुण सगळ्या जंगलाला ठाऊक होता. प्रधानबाई म्हणाल्या, "लाकूड फितूर आहे."

बाण वेळूचा होता. झालं. वेळूवर बंदी आली. लोकांनी टोपल्या जमा केल्या, सुपं जमा केली, पाळणे जमा केले. पोरं जमिनीवर रडू लागली. दुसऱ्या वर्षी धामण नावाच्या झाडाचा बाण चुकला, धामण बंद. तिसऱ्या वर्षी साग. सहाव्या वर्षी आंबा फितूर निघाला, तेव्हा लोक डोळे मिटून आंबे खाऊ लागले, म्हणजे आपण आंबा खातो आहोत हे आपल्यालाच दिसू नये. नवव्या वर्षी शेवगा गेला. घराघरांतल्या आमटीतून शेंगा नाहीशा झाल्या आणि तिचं नुसतं पाणी राहिलं.

बाण करणाऱ्यालाही शिक्षा होती. ज्याचा बाण चुकला, त्यानं पुढच्या दसऱ्याला नारळ पोटाशी धरून आपट्याखाली उभं राहायचं. म्हणजे पुढचा बाण तो मन लावून करील, असं प्रधानबाईंचं म्हणणं. मन लावून केलेला बाण त्याच्याच पोटावर येणार, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. शिक्षा ठरवणारे स्वतः कधी नारळ धरत नाहीत.

निंबाजी दुसऱ्या दसऱ्याला पहिल्यांदा उभा राहिला. महाराजांनी दोरी ओढली तशी त्यानं नारळासकट गुंडाळी केली. बाण चार हात डावीकडून सूं करून गेला. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. हळूहळू लोकांना कळलं, की दसऱ्याच्या दिवशी अख्ख्या राज्यात सगळ्यांत सुरक्षित जागा कुठली असेल तर ती नारळाजवळ. मग आया तान्ही पोरं निंबाजीच्या पायाशी ठेवू लागल्या. म्हातारे पहाटेच येऊन जागा धरू लागले. एक खार तिथं शेंगदाणे विकायला बसू लागली. हे सगळं कुणी कुणाला बोलून दाखवलं नाही. महाराजांचा बाण जिथं लागतच नाही तिथं आपण बसतो, असं कसं बोलणार? सगळे म्हणायचे, "इथून महाराज छान दिसतात."

तुम्ही म्हणाल, मग निंबाजीचं बिघडलं कुठं? वर्षातून एकदा उभं राहायचं, संध्याकाळी घरी येऊन वाळवी खायची. बिघडलं ते मथूमुळे.

मथू ही निंबाजीची एकुलती लेक. चैत्रात तिचं लग्न ओढ्यापलीकडच्या घरात झालं आणि श्रावणात हंबीरराजे गादीवर बसले. दसऱ्याला ओढा बंद झाला, तेव्हापासून लेक माहेरी आली नव्हती. दर दसऱ्याला ती पलीकडच्या काठावर येऊन उभी राही. आधी एकटी आली. मग पाठीवर एक पोर घेऊन आली. बोलायला बंदी नव्हती, पण ओढ्याचा आवाज मोठा. ती तोंडाशी हात धरून काहीतरी ओरडायची आणि निंबाजी मान डोलवायचा. नातवाचं नावसुद्धा त्याला धड ऐकू आलं नव्हतं. घरी आल्यावर बायको कोंडाबाई विचारायची, "काय म्हनली पोर?" आणि निंबाजी म्हणायचा, "बरी हाय म्हनली." खरं म्हणजे त्याला काहीच ऐकू आलेलं नसायचं.

यंदा पावसानं घरामागची वारुळं वाहून गेली. निंबाजीच्या पोटाचे हाल होऊ लागले. तेव्हा तो हिंडत हिंडत आपट्यापाशी आला. आपट्याच्या डावीकडे चार हातांवर एक थोरलं वारूळ होतं. तिकडे कुणी फिरकत नसे, कारण तिकडे बघणं म्हणजे बाण कुठं गेला ते बघणं, आणि बाण कुठं गेला ते बघणं म्हणजे राजद्रोह. पण भुकेला राजद्रोह कळत नाही. निंबाजीनं वारुळात नख घातलं आणि थबकला.

आत बाण होते. नऊच्या नऊ. वेळूचा, धामणीचा, सागाचा, आंब्याचा, शेवग्याचा. सगळे एका मुठीत मावतील इतके जवळ जवळ, आणि एकही वाकलेला नव्हता. निंबाजी वाळवी खायची विसरला आणि तिथंच बसून रडला. नऊ वर्षं त्याला वाटत होतं, की आपलीच निवड कुठंतरी खोटी आहे. लाकूड खोटं नव्हतं. नेमही हलत नव्हता. नेम नऊ वर्षं एकाच जागी, न चुकता, चार हात डावीकडे लागत होता.

त्यानं घरी येऊन कोंडाबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "मग नारळच चार हात डावीकडं धरा की."

बायका अशा एका वाक्यात गोष्ट संपवतात. म्हणून त्यांना दरबारात घेत नाहीत. घेतलं तर आधी प्रधान करून घेतात, म्हणजे त्याही इतरांसारखं बोलू लागतात.

निंबाजी प्रधानबाईंकडे गेला. गुंडाळी व्हायच्या आत त्यानं कसंबसं विचारून टाकलं. प्रधानबाईंनी जीभ एकदा बाहेर काढली, एकदा आत घेतली.

"नारळ हलवला तर काय सिद्ध होईल?" त्या म्हणाल्या. "नारळ पूर्वजांच्या जागी आहे. महाराज महाराजांच्या जागी आहेत. हलवायचंच असेल तर लाकूड हलवा. यंदा एरंड उरला आहे आणि पपई उरली आहे. एरंडाचा करा."

ओसाड गावी एरंड बळी म्हणतात ते हे, मुलांनो. निंबाजी घरी आला तो एकच विचार घेऊन. नारळ हलत नाही, राजा हलत नाही, डोळा तर हलतच नाही. मग बाणानंच चार हात उजवीकडे जायला हवं. म्हणजे काठी वाकडी हवी. तीही नुसती वाकडी नाही, महाराजांच्या डोळ्याइतकी वाकडी.

आणि इथं त्याचं अडलं. जन्मभर त्यानं सरळ काठ्या घरी आणल्या होत्या आणि वाकड्या टाकून दिल्या होत्या. आता तो रानोमाळ वाकडी काठी शोधू लागला. एक मिळाली ती फार वाकडी. तिचा बाण फिरून महाराजांकडेच गेला असता. दुसरी दोन ठिकाणी वाकडी होती, ती आधी डावीकडे आणि मग उजवीकडे गेली असती. वाकडेपणात इतके प्रकार असतात हे त्याला ठाऊक नव्हतं. दसऱ्याला आठ दिवस उरले, आणि ओली काठी मिळून तरी काय उपयोग? धूर खाल्लेली नको का?

कोंडाबाई म्हणाली, "ती मथूची काठी हाय की माळ्यात."

मथू लहान असताना डोंगराच्या माथ्यावरून कारवीची एक काठी घेऊन आली होती. माथ्यावर वारा एकाच अंगानं वाहतो, त्यामुळे ती एका अंगाला कललेली होती. "बाबा, ह्याचा बान करा," म्हणून पोरीनं हट्ट धरला. निंबाजीनं काठी कातळावर सोडली. काठी लंगडली. पोर रडायला लागली. मग त्यानं काठी माळ्यात टाकली आणि म्हणाला, "वाळू दे, मग बघू." हे 'मग बघू' तुमच्या घरीही असेलच. ती काठी तेव्हापासून धूर खात होती. शिवाय कारवीवर बंदी नव्हती. कारवी कुडाच्या भिंतीला वापरतात, तिला त्या राज्यात कुणी लाकडात धरतच नव्हतं.

निंबाजीनं ती काठी वाजवली. कानाशी धरली. खणखणीत होती. खवल्यांवर घासून त्यानं ती गुळगुळीत केली, टोक बसवलं, पिसं बांधली. अंगणात उभं राहून चिंचेच्या बुंध्यावर नेम धरला आणि सोडली. बाण चार हात उजवीकडे जाऊन कोंडाबाईच्या वाळवणात घुसला. कोंडाबाईनं एरवी घर डोक्यावर घेतलं असतं. आज ती चिंचेपासून वाळवणापर्यंत हातानं मोजत गेली आणि मोजत परत आली.

"चार हात," ती म्हणाली आणि खाली बसली. "आवं, पर ह्यो लागनार म्हंजे लागनारच. नारळ कुनाच्या पोटाशी हाय?"

"माझ्या."

"मंग?"

"नारळाची करवंटी जाड असती."

"आन तुमचं प्वाट?"

निंबाजीनं वाळवणातून बाण उपसून आणला. मग म्हणाला, "कोंडे, नातू नऊ वर्सांत वढ्याच्या पल्याडनंच बगितला मी. त्याचं नावबी ठावं न्हाई. आनि नऊ वर्सं माज्या लाकडाला लोक फितूर म्हनत्यात. एकदा तरी लागू दे."

कोंडाबाईनं डोळ्याला पदर लावला. मग म्हणाली, "पर तुमी गुंडाळी व्हनार. नारळ आत आनि खवलं भाईर. बान येऊन सटकून जाईल."

हे खरं होतं. म्हणून असं ठरलं, की दसऱ्याला कोंडाबाईनं त्याला पाठीकडून आपट्याला वेलीनं बांधून टाकायचं. घाबरायचं तितकं घाबरावं, पण सरळ उभं राहून घाबरावं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाण दरबारात गेला. प्रधानबाईंनी तो हातात घेतला आणि म्हणाल्या, "हा एरंड नाही, कारवी आहे. आणि वाकडा आहे." निंबाजी तत्काळ गुंडाळी झाला. दरबारानं ते होकार म्हणून धरलं. प्रधानबाई शिपायांना हाक मारणार, इतक्यात महाराजांनी बाण मागून घेतला. डावा डोळा मिटला. उजव्यानं बाणाच्या अंगावरून नजर टाकली. आणि त्यांचा चेहरा एकदम लहान पोरासारखा झाला.

"प्रधानबाई," महाराज हळूच म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आम्हाला सरळ काठी आणून दिली."

मग प्रधानबाईंनी मान डावीकडे कलती केली आणि म्हणाल्या, "अगदी सरळ." सगळ्या दरबारानं मान डावीकडे कलती केली. एक बगळा जरा जास्त कलला आणि पडला, पण त्याची नोंद घेतली गेली नाही.

दसरा उजाडला. कोंडाबाईनं नवऱ्याला आपट्याला घट्ट बांधलं, नारळ त्याच्या हातात दिला. आणि निंबाजीच्या लक्षात एक भलतीच गोष्ट आली. त्याच्या पायाशी तान्ही पोरं ठेवायला सुरुवात झाली होती. म्हातारे टेकून बसले होते. खारीनं शेंगदाणे मांडले होते.

"बाबांनो, हितनं उठा," निंबाजी म्हणाला. "यंदा बान हितंच येनार हाय."

सगळे हसले. एक म्हातारा ससा म्हणाला, "निंबाजी, नऊ वर्सं तू हितं हाईस म्हनून जागा तुझी झाली न्हाई. आमीबी पहाटंचं आलोय."

"आरं, खरंच लागंल."

"कुनाला लागलाय आजवर?" ससा म्हणाला आणि त्यानं घाईघाईनं जोडलं, "म्हंजे महाराज छान दिसत्यात हितनं."

निंबाजीनं हात जोडले असते, पण हातात नारळ होता. शेवटी त्याला सुचलं. तो मोठ्यानं म्हणाला, "प्रधानबाई हितं उभं राहून भाषण करनार हायेत. राज्याच्या नऊ वर्सांच्या प्रगतीवर."

तुम्ही डोळे मिटून उघडेपर्यंत जागा रिकामी झाली. खारीचे दोन शेंगदाणे तेवढे मागे राहिले.

पलीकडच्या काठावर मथू उभी होती. तिचं पोर आता पाठीवर नव्हतं, तिच्या शेजारी दगडावर उभं होतं. निंबाजीनं तिच्याकडे एकदा बघितलं. मग समोर बघितलं. महाराजांनी चांगला डोळा मिटला. निंबाजीचं सगळं अंग आत वळायला बघत होतं. पाठीचा एकेक खवला वेलीवर ताण देत होता. वेल करकरली. पण बायकोनं बांधलेली गाठ होती, ती सुटली नाही.

बाण सुटला. तो निघाला वारुळाच्या दिशेनं. मग मध्यावर काहीतरी आठवल्यासारखा उजवीकडे वळला आणि नारळात घुसला. नारळाची दोन भकलं झाली. पाणी निंबाजीच्या अंगावरून पायापर्यंत गेलं. बाणाचं टोक त्याच्या पोटापासून एका नखावर थांबलं होतं. निंबाजी जिवंत होता, आणि उभा होता.

लोक आधी गप्प राहिले, कारण नारळ फुटल्यावर काय करायचं असतं ते विसरले होते. मग एकच कल्ला झाला. सगळे ओढ्याकडे धावले. ससा धावला, खार धावली, तान्ही पोरं कुठं चालली आहेत ते न कळता हसू लागली. निंबाजी ओरडला, "कोंडे, सोड मला." कोंडाबाई गाठ सोडू लागली. गाठ सुटली. निंबाजीनं ओढ्यात एक पाय टाकला.

"थांबा," प्रधानबाई म्हणाल्या.

महाराज पुढे आले. त्यांनी निंबाजीला मिठी मारली. अस्वलाची मिठी, सांभाळूनच घ्यावी लागते. मग प्रधानबाईंनी जाहीर केलं, की कारवी हे आजपासून राजलाकूड. नऊ झाडांची फितुरी आता पुरती सिद्ध झाली, सबब त्यांची बंदी कायम. आणि निंबाजी आजपासून राजबाणकार. त्याला मानाची शाल.

"आणि राजबाण कशाचा होतो हे फक्त राजबाणकाराला ठाऊक," प्रधानबाई म्हणाल्या. हे त्या अख्ख्या राज्यासमोर, कारवीचं नाव घेऊन झाल्यावर म्हणाल्या. "हे गुपित परमुलखात जाता कामा नये. सबब राजबाणकारानं ओढा ओलांडायचा नाही आणि पलीकडच्या कुणाला भेटायचं नाही. कबूल?"

निंबाजीनं ओढ्यापलीकडे बघितलं. आता वेल नव्हती. तो गुंडाळी झाला.

दरबारानं होकार धरला.

खरं सांगायचं तर पलीकडच्या डोंगरावर कारवीच कारवी होती. पण तिथल्या राजाचे दोन्ही डोळे समोर बघायचे, त्यामुळे वाकड्या कारवीचा त्याला चुलीत घालण्यापलीकडे काही उपयोग नव्हता.

कोंडाबाई जाईना. निंबाजी गुंडाळीतूनच म्हणाला, "तू जा. मला हितं उभं ऱ्हायची सवय हाय." मग ती गेली. पलीकडे मायलेकी गळ्यात गळा घालून रडल्या, ते निंबाजीनं अलीकडून बघितलं. आवाज ओढ्याचाच आला.

ती दिवाळी करून परत आली. आल्या आल्या म्हणाली, "भिवा नाव हाय त्याचं."

तेव्हापासून दर वर्षी नारळ फुटतो. दर वर्षी सगळं राज्य ओढा ओलांडतं. राजबाणकार मानानं आपट्याखाली उभा राहतो, नारळ पोटाशी धरून. पूर्वी ती शिक्षा होती, आता तो बहुमान आहे, जागा तीच. बाण फुटक्या नारळातून काढून झाला की निंबाजी शाल सावरतो, ओढ्याच्या काठापर्यंत जातो, तोंडाशी हात धरतो आणि "भिवा" म्हणून हाक मारतो. पोर पलीकडून हात हलवतं. त्याला काही ऐकू गेलं की नाही, ते निंबाजीला कळत नाही.

तात्पर्य: मुलांनो, वाकडी काठी टाकून देऊ नये, तिच्या मापाचा राजा कधीतरी गादीवर येतोच. आणि हातून उत्तम काम व्हायचंच असेल तर ते जरूर करावं, पण आधी ओढा ओलांडून घ्यावा.